पुरावा डॉक्टरांच्या हाती, घरच्यांच्याही

व्हॅल्प्रोएट हे जुनं आणि गुणकारी औषध आहे. अपस्मारात, म्हणजे फिट्सच्या आजारात, ते देतात आणि बायपोलर आजारातही देतात. पण गरोदर स्त्री हे औषध घेत असेल, तर दहापैकी सुमारे एका बाळात जन्मजात व्यंग आढळतं आणि दहापैकी तीन-चार मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी येतात. म्हणूनच मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना ते देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ ची मार्गदर्शिका सांगते. औषध मनानेच अचानक बंद करणंही धोक्याचं असतं. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलावं लागतं. ही सारी माहिती आज मोफत उपलब्ध आहे. ती छत्तीसगडमधल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला ठाऊक हवी, आणि ती गोळी रोज घेणाऱ्या पंचविशीतल्या बाईलाही ठाऊक हवी. दोघांपैकी एकालाच ठाऊक असेल तर धोका अर्धाच टळतो.

मनोविकारांविषयीचं तपासून घेतलेलं ज्ञान सर्वांना खुलं असावं, ही मागणी गेल्या पंचवीस वर्षांत जगभर जोर धरत गेली. तिला बरंच यशही आलं. त्या यशाचा आढावा रायपूरमधून घेताना माझ्यापुढे एकच कसोटी आहे. जो पुरावा वाचून डॉक्टर औषध लिहितात, तोच पुरावा समजेल अशा रूपात रुग्णाच्या घरी पोचतो का? या कसोटीवर काय जमलं आणि काय राहिलं, ते क्रमाने पाहू.

गरज किती मोठी

बंगळूरच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यासाठी निवडलेल्या १२ राज्यांत छत्तीसगड होतं. पाहणीच्या वेळी १०.६ टक्के प्रौढांना उपचारांची गरज असलेला कुठला ना कुठला मानसिक आजार होता. गरज असूनही उपचार न मिळालेल्यांचं प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत होतं. नैराश्य आणि चिंताविकारांसारख्या नेहमी आढळणाऱ्या आजारांत ते ८५ टक्के होतं.

आत्महत्यांचे आकडे आणखी अस्वस्थ करतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात दर लाख लोकसंख्येमागे १२.४ आत्महत्या झाल्या. छत्तीसगडमध्ये हा दर २८.२ होता, म्हणजे देशाच्या दुपटीहून अधिक. २०१९ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’त आलेल्या मोजणीनुसार देशात लाख लोकांमागे पाऊण मनोविकारतज्ज्ञ आहे आणि तेही बहुतेक मोठ्या शहरांत.

रायपूरमध्ये १९६३ पासूनचं पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०१२ पासून एम्स आहे. मोठं सरकारी मनोरुग्णालय बिलासपूरजवळच्या सेंदरीला आहे. तात्यापारा-बूढापारा भागांतली आपली मराठी कुटुंबं मात्र अजूनही अनेकदा नागपूरची गाडी पकडतात. त्यामागे जुना इतिहास आहे. भोसल्यांच्या काळापासून रायपूरचा कारभार नागपूरशी जोडलेला होता. पुढे १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि १८६४ मध्ये नागपूरचं मनोरुग्णालय उभं राहिलं. नातेवाईक तिकडे, भाषा ओळखीची, आणि आजाराची बातमी गावात फुटत नाही, ही नागपूर गाठण्याची कारणं. बस्तर किंवा सरगुजातल्या घराला तेवढाही आधार नाही. तिथे पहिला सल्ला झाडफूक करणाऱ्या बैगा-गुनियाचा असतो. मनाने आजारी किंवा एकट्या पडलेल्या बाईवर ‘टोनही’, म्हणजे चेटकीण, असल्याचा आळ येऊ शकतो. या छळाविरुद्ध राज्याला २००५ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. खरी माहिती न पोचल्याची किंमत इथे माणसं जिवाने मोजतात.

कुलपं कुठे होती

वैद्यकीय ज्ञानाची पहिली वाट म्हणजे नियतकालिकांतले शोधनिबंध. त्यांवर मोठ्या परदेशी प्रकाशकांची मालकी असते. एक निबंध वाचायला अनेकदा दोन-तीन हजार रुपये पडतात, आणि तो उपयोगाचा आहे की नाही हे पैसे भरल्यावरच कळतं. संशोधन बहुधा सार्वजनिक पैशातून झालेलं असतं, रुग्णांनी त्यासाठी आपलं शरीर आणि वेळ दिलेला असतो, तरीही निष्कर्ष त्यांना विकत घ्यावे लागतात. ही सरळ अन्यायाची गोष्ट आहे.

दुसरं कुलूप निदानाच्या साधनांवर होतं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचं निदानपुस्तक महाग आहे. स्मृतिभ्रंश तपासण्यासाठी १९७५ मध्ये आलेली छोटी प्रश्नावली जगभरचे डॉक्टर पंचवीस वर्षं मुक्तपणे वापरत होते. मग तिचे हक्क एका कंपनीकडे गेले आणि प्रत्येक प्रतीला पैसे पडू लागले. याच्या उलट उदाहरणही आहे. नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली फायझर कंपनीने २०१० मध्ये सर्वांना विनामूल्य खुली केली. आज ती मराठी आणि हिंदीतही मिळते आणि आरोग्यसेविकाही ती वापरू शकतात. साधन खुलं केल्याने उपचारांचा पल्ला किती वाढतो, याचा हा उत्तम दाखला.

मुंबईतून उघडलेलं दार

कुलपं उघडण्याच्या या कामात मुंबईचा वाटा मोठा आहे, आणि तो मराठी वाचकांना फारसा माहीत नाही. डॉ. डी. के. साहू यांनी १९९७ मध्ये मुंबईत ‘मेडनो’ ही प्रकाशनसंस्था सुरू केली. सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालयाचं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ १९५५ पासून निघत होतं. ते इंटरनेटवर पूर्ण खुलं झालं, आणि त्यासाठी लेखकांकडूनही शुल्क घेतलं जात नव्हतं. वाचकाला मोफत दिलं तर नियतकालिक बुडेल ही भीती खोटी ठरली. लेख जगभर वाचले जाऊ लागले, त्यांचे संदर्भ दिले जाऊ लागले. त्यामागून भारतातली कितीतरी वैद्यकीय नियतकालिकं त्याच वाटेने गेली. २०११ मध्ये मेडनो एका बहुराष्ट्रीय प्रकाशकाने विकत घेतली, पण पडलेली वाट बुजली नाही.

भारतीय मनोविकारतज्ज्ञांची संघटना १९४७ मध्ये स्थापन झाली. तिचं मुखपत्र ‘इंडियन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’ १९५८ पासूनच्या अंकांसह आज कुणालाही मोफत वाचता येतं. स्किझोफ्रेनिया, नैराश्य, बायपोलर, मंत्रचळ आणि चिंताविकार यांच्या उपचारांची २०१७ ची मार्गदर्शक सूत्रं त्यातच आहेत. भारतात मिळणारी औषधं, इथल्या किमती आणि इथली कुटुंबपद्धती लक्षात घेऊन ती लिहिली आहेत, म्हणून रायपूरच्या डॉक्टरला परदेशी सूत्रांपेक्षा ती जवळची आहेत.

अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासून मत देणाऱ्या कॉक्रेन संस्थेचं ग्रंथालय भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००७ मध्ये साऱ्या देशासाठी विनामूल्य करून घेतलं. या कामाचं दक्षिण आशियातलं केंद्र वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात उभं राहिलं आणि ते उभं करणारे डॉ. प्रताप थरियन स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. त्यांच्या चमूने वेल्लोरमध्येच एक नेमका प्रश्न तपासला. अत्यंत प्रक्षुब्ध रुग्णाला शांत करायला महागडं ओलान्झपीनचं इंजेक्शन चांगलं, की हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन ही जुनी, स्वस्त जोडी? २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्हींनी रुग्ण सारखेच शांत झाले, आणि स्वस्त जोडीचा परिणाम जास्त टिकला. जिल्हा रुग्णालयाच्या औषधखरेदीसाठी याहून उपयोगी माहिती कोणती असू शकते?

जागतिक आरोग्य संघटनेचं अकरावं रोगवर्गीकरण २०२२ पासून लागू झालं आणि त्यातली मनोविकारांच्या निदानाची सविस्तर वर्णनं २०२४ मध्ये मोफत प्रसिद्ध झाली. निदानासाठी विकतच्या पुस्तकावर अवलंबून राहण्याची गरज आता उरली नाही.

केंद्र सरकारने १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ ही योजना सुरू केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं आणि ६,३०० सरकारी संस्था असा तिचा पसारा आहे. सरकारी महाविद्यालयातल्या रायपूरच्या विद्यार्थ्याला ती वरदान आहे. पण धमतरीत स्वतःचा दवाखाना चालवणारा डॉक्टर तिच्या बाहेर राहतो, स्वयंसेवी संस्थेतली समुपदेशक बाहेर राहते, आणि रुग्णाचं कुटुंब तर बाहेरच आहे. जनतेच्या पैशातून घेतलेलं हे सदस्यत्व जनतेलाही खुलं व्हावं, ही पुढची मागणी असायला हवी.

मोफत असलेलं सगळं खरं नसतं

दारं उघडली की चांगल्याबरोबर वाईटही आत येतं, म्हणून खुलेपणाइतकाच विश्वासार्हतेचा विचार करायला हवा. एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाकडे नोंदवलेल्या ७४ चाचण्या तपासल्या. त्या नैराश्यावरच्या १२ औषधांच्या होत्या. नियामकाच्या मते त्यांतल्या ३८ चाचण्यांत औषध गुणकारी ठरलं होतं आणि त्यांतल्या ३७ छापून आल्या. औषध गुणकारी न ठरलेल्या किंवा शंकास्पद अशा ३६ चाचण्यांपैकी २२ छापल्याच गेल्या नाहीत आणि ११ अशा मांडल्या गेल्या की निकाल चांगलाच वाटावा. फक्त छापलेले निबंध वाचणाऱ्या डॉक्टरला ९४ टक्के चाचण्या यशस्वी दिसल्या. प्रत्यक्षात यश निम्म्या चाचण्यांत होतं. ही औषधं निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नाही. त्यांचा उपयोग आहेच, फक्त छापील चित्रात तो फुगवून दिसत होता.

किशोरवयीन मुलांना पॅरोक्सेटीन देण्याबाबतचा ‘स्टडी ३२९’ तर कुप्रसिद्ध आहे. २००१ च्या निबंधात औषध सुरक्षित आणि परिणामकारक म्हटलं होतं. मूळ नोंदी मिळवून दुसऱ्या संशोधकांनी त्या पुन्हा तपासल्या तेव्हा, २०१५ मध्ये, औषधाचा फायदा दिसला नाही आणि आत्मघाताच्या विचारांसह इतर हानी मात्र दिसली. निबंध खुला असणं पुरत नाही. चाचणीच्या मुळातल्या नोंदीही खुल्या असाव्या लागतात, हा धडा त्यातून मिळाला.

आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची चाचणी नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून तिच्यात नोंदणी बंधनकारक आहे. कुठल्या रुग्णालयात कुठल्या औषधाची चाचणी चालू आहे, ते कुणीही पैसे न देता पाहू शकतो. आपल्या रुग्णाला चाचणीत घेतलं जात असेल, तर घरच्यांनी ही नोंद जरूर पाहावी.

पैसे घेऊन काहीही छापणारी बनावट नियतकालिकं हे आपल्या देशाचं वेगळं दुखणं आहे. बढतीसाठी निबंधांची संख्या मोजली जाते तोवर ती बंद होणार नाहीत. आणि समाजमाध्यमांवरचे ‘डिप्रेशन सात दिवसांत बरं’ सांगणारे व्हिडिओही मोफतच असतात.

आरोग्य केंद्रातला डॉक्टर

रोज शंभर रुग्ण तपासणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याला निबंध वाचायला वेळ नसतो. त्याला तपासलेलं ज्ञान वापरता येईल अशा रूपात हवं असतं. जागतिक आरोग्य संघटनेचा ‘एमएचगॅप’ कार्यक्रम २००८ मध्ये आला आणि २०१० मध्ये त्याची मार्गदर्शिका. काय विचारायचं, कुठली चिन्हं पाहायची, कुठलं औषध किती द्यायचं आणि पुढे केव्हा पाठवायचं, हे तिच्यात टप्प्याटप्प्याने दिलं आहे. तीही विनामूल्य आहे.

छत्तीसगडने या बाबतीत देशाला दाखवण्यासारखं काम केलं आहे. राज्याने निमहान्सबरोबर ‘चॅम्प’ नावाचा दूर-मार्गदर्शन उपक्रम राबवला. त्याची पद्धत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठात यकृताच्या आजारासाठी सुरू केलेल्या ‘इको’ प्रकल्पावरून घेतलेली आहे. आरोग्य केंद्रातले डॉक्टर थोडं प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतात आणि मग ठरलेल्या वेळी पडद्यावर बंगळूरच्या तज्ज्ञांना भेटतात. स्वतः तपासलेला रुग्ण ते सगळ्यांसमोर मांडतात. एकाच्या रुग्णावर चर्चा होते आणि सगळ्यांचं शिक्षण होतं. निमहान्सने आरोग्य केंद्रांसाठी केलेला छोटा तपासणी-तक्ता त्यांच्या टेबलावर असतो. तज्ज्ञ गावात येऊ शकत नाही, पण त्याचं ज्ञान येऊ शकतं, हे या उपक्रमाने दाखवलं.

याला कायद्याचाही आधार आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ३१ नुसार सरकारी आरोग्यसंस्थांतल्या आणि तुरुंगांतल्या सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक आजारांच्या प्राथमिक व तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण देणं सरकारवर बंधनकारक आहे. म्हणून एखादा उपक्रम संपला, अनुदान आटलं, तरी हे काम थांबता कामा नये.

घरापर्यंतची वाट

याच अधिनियमाचं कलम २२ मला सर्वांत मोलाचं वाटतं. आजाराचं स्वरूप, सुचवलेले उपचार आणि त्यांचे ज्ञात दुष्परिणाम यांची माहिती रुग्णाला व त्याने नेमलेल्या प्रतिनिधीला, त्यांना समजेल त्या भाषेत आणि रूपात मिळण्याचा हक्क त्यात दिला आहे. ज्ञान घरापर्यंत पोचवणं हे आता उपकाराचं काम राहिलेलं नाही.

ते कसं करायचं याचे मराठी मुलखात आणि शेजारी गोव्यात चांगले धडे आहेत. गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगात’ संस्थेने मानसोपचाराचं कसलंही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशक म्हणून तयार केलं. सहा ते आठ भेटींत माणसाला हळूहळू पुन्हा कामात, माणसांत आणि आवडीच्या गोष्टींत गुंतवणं, ही त्यांची पद्धत. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत, तीन महिन्यांनंतर ही मदत मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक तीव्र नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. या पद्धतीच्या प्रशिक्षण पुस्तिका संस्थेने सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत.

विदर्भात शेतकरी आत्महत्यांच्या छायेत अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ कार्यक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी नैराश्य कसं ओळखायचं आणि मदत कुठे मिळते, हे घरोघरी सांगितलं. नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. अमरावतीचं रान आणि महासमुंद-बेमेतऱ्याची शेतं यांतलं दुःख फार वेगळं नाही.

पुस्तिकेपलीकडचे मार्गही मराठीने शोधले. ठाण्याच्या डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ सुरू केली. तिथल्या डॉक्टरांची मराठी व्याख्यानं आणि मुलाखती रायपूरमध्ये बसूनही मोफत पाहता येतात. कॅनडातल्या कॅल्गरीत संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले जगन्नाथ वाणी यांनी घरातला स्किझोफ्रेनियाचा अनुभव लपवला नाही. पुण्यात १९९७ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी राहिली ती त्यांच्या पुढाकाराने, आणि २००४ चा ‘देवराई’ हा चित्रपटही त्यांच्याच पाठबळाने झाला. नैराश्यावरच्या ‘कासव’ला पुढे राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. या दोन चित्रपटांनी कितीतरी घरांत पहिल्यांदा या विषयावर बोलणं सुरू केलं.

ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते, मराठीतही मिळते. हा क्रमांक प्रत्येक घरात लिहून ठेवावा.

आक्षेप आणि उत्तर

लोकांना एवढी माहिती दिली तर ते स्वतःच औषधं घेतील, बंद करतील, स्वतःला आजाराची नावं लावतील, असं अनेक डॉक्टर म्हणतात. ही काळजी खोटी नाही. पण औषधं मनाने बंद करण्याचं मोठं कारण माहितीचा अभाव हेच आहे. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही ती सहा ते नऊ महिने चालू ठेवावी लागते, हे कुणी सांगितलेलं नसतं. मग आठव्या दिवशी ‘उपयोग नाही’ म्हणून गोळी सुटते, किंवा महिन्यानंतर ‘बरं झालं’ म्हणून. उलट झोपेच्या काही गोळ्यांची खरोखर सवय लागते आणि त्याच वर्षानुवर्षं चिठ्ठीशिवाय घेतल्या जातात. नीट माहिती असलेलं घर डॉक्टरला प्रश्न विचारतं आणि त्याच्या उपचारांना साथही देतं.

रायपूरने काय करावं

छत्तीसगडकडे जी ताकद आहे ती फार थोड्या राज्यांकडे आहे. २००२ मध्ये, देशभरच्या ‘आशा’ योजनेच्या तीन वर्षं आधी, गावातल्याच बायकांना आरोग्य कार्यकर्त्या करणारा मितानिन कार्यक्रम इथे सुरू झाला. आज सुमारे ७० हजार मितानिन पाड्यापाड्यांत आहेत. रायपूरच्या राज्य आरोग्य संसाधन केंद्राने त्यांच्यासाठी सोप्या हिंदीत सचित्र पुस्तिका केल्या आणि वर्षानुवर्षं शिकवल्या. पुढची पावलं याच पायावर टाकावीत.

एम्स आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागांनी मिळून दहा प्रमुख आजारांवर चार-चार पानांची माहितीपत्रकं करावीत. प्रत्येकाच्या दोन आवृत्त्या असाव्यात, एक डॉक्टरसाठी आणि एक घरासाठी, आणि दोन्हींत पुरावा तोच असावा. कुठल्या मार्गदर्शिकेवरून लिहिलं, केव्हा लिहिलं आणि पुन्हा केव्हा तपासणार, हे पहिल्या पानावर छापावं. हिंदी, छत्तीसगढी, हल्बी, गोंडी आणि कुडुख या भाषांत ती असावीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ध्वनिमुद्रण असावं. हक्क राखून न ठेवता कुणालाही छापायला, वाटायला परवानगी असावी. औषध कंपनीचा एक पैसाही त्यात नसावा.

मराठी आवृत्तीची जबाबदारी मात्र आपली. पुणे-ठाण्यात तयार झालेलं चांगलं मराठी साहित्य इथे आणणं, महाराष्ट्र मंडळात महिन्यातून एक संध्याकाळ कुटुंबीयांच्या गटासाठी देणं, डॉक्टरांना तिथे प्रश्नोत्तरांसाठी बोलावणं, एवढं आपल्याला नक्की जमेल. हल्बी भाषेचं मराठीशी जवळचं नातं आहे. तिच्यातल्या आवृत्तीसाठी बस्तरच्या लोकांना मदत करणारे हातही आपल्यात आहेत.

ज्ञान एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेण्याची परंपरा इथल्या मराठी माणसांना नवी नाही. मराठी घरात जन्मलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ काढलं. रायपूरच्या वामनराव लाखे यांनी त्यांना साथ दिली. समर्थांचा ‘दासबोध’ आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ सप्र्यांनी हिंदीत नेलं, कारण चांगलं ज्ञान एका भाषेच्या माणसांपुरतं राहू नये असं त्यांना वाटत होतं. आज मनोविकारांबद्दलचं तपासलेलं ज्ञान मोफत मिळू लागलं आहे, ते देण्याचं बंधन कायद्यात आहे आणि पोचवणाऱ्या हजारो बाया गावागावांत आहेत. उरलेलं काम लिहिण्याचं, छापण्याचं आणि दर वर्षी पुन्हा तपासण्याचं आहे. ते रायपूरने आपल्याकडे घ्यावं आणि आपण मराठी माणसांनी त्यात आपला वाटा उचलावा.